कुऱ्हाड न लागलेलं जुनं जंगल कसं ओळखायचं आणि नकाशावर कसं आणायचं: ईशान्य अमेरिकेत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

न्यू इंग्लंडमधल्या कुठल्याही रानवाटेने अर्धा तास चाललात, तर दाट झाडीत एखादा दगडी गडगा आडवा येतोच. जवळपास घर नाही, शेत नाही, आणि गडगा मात्र सरळ रेषेत टेकडी चढत गेलेला असतो. झाडी कितीही गर्द वाटली तरी तिथे एके काळी कुरण किंवा शेत होतं, हे तो गडगा सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, व्हरमाँट या भागातली बरीचशी कसण्याजोगी जमीन शेतीसाठी आणि मेंढ्यांसाठी मोकळी झाली होती. १८२५ मध्ये एरी कालवा खुला झाला, मागोमाग रेल्वे आली, पश्चिमेकडची सुपीक जमीन हाताशी आली आणि इथली शेतं ओस पडत गेली. त्यांवर व्हाइट पाइन उगवला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोही मोठ्या प्रमाणावर कापला गेला. आज आपण ज्याला जंगल म्हणतो ते बहुतेक त्यानंतरचं आहे.

या सगळ्यातून सुटलेले तुकडे आहेत, पण फार थोडे. पूर्व अमेरिकेतल्या एकूण जंगलात त्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी धरला जातो. आपल्याकडे देवराई शोधायची तर गावात विचारलं की काम होतं. सीमा कुठली, काय तोडायचं नाही, हे लोकांना माहीत असतं. इथे ज्यांना ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती त्या मूळ रहिवाशांना हुसकावलं गेलं, आणि नंतर आलेल्यांनी न तोडलेल्या तुकड्यांची नोंद सहसा ठेवली नाही. म्हणून ते कागदावरून आणि जमिनीवरून हुडकावे लागतात. हे काम फक्त वनशास्त्रज्ञांचं नाही. मॅसॅच्युसेट्समधलं कितीतरी जुनं जंगल रॉबर्ट लेव्हरेट यांच्यासारख्या स्वतःहून रानात उतरणाऱ्या माणसांनी उजेडात आणलं आहे.

आधी माहीत असलेलं जंगल पाहा

शोधायला निघण्याआधी नक्की जुनं ठरलेलं जंगल दोन-तीनदा, वेगवेगळ्या ऋतूंत पाहा. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना तर हे अगदी सोपं आहे. सॉमरसेट काउंटीतलं हचिसन मेमोरियल फॉरेस्ट तिथून जवळच आहे. त्याच्या गाभ्यातली सुमारे ६५ एकर ओक आणि हिकरीची झाडी १७०१ पासून तोडलेली नाही. १९५५ पासून ती रटगर्स विद्यापीठाकडे आहे. आत मार्गदर्शकासोबतच जाता येतं. न्यूयॉर्क शहरात ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात ५० एकरांचं थेन फॅमिली फॉरेस्ट आहे. बॉस्टनकडच्यांनी पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये जावं: मोहॉक ट्रेल स्टेट फॉरेस्ट आणि स्टॉकब्रिजची आइस ग्लेन नावाची खडकाळ घळ.

हचिसनमध्ये एक गोष्ट मुद्दाम बघा. वरती भव्य ओक आहेत, पण खाली त्यांची पोरं फारशी दिसत नाहीत. हरणं रोपं खाऊन टाकतात आणि बाहेरून आलेल्या वनस्पती जागा अडवतात. म्हातारं जंगल आणि सुदृढ जंगल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशा करताना त्या दोन वेगळ्या रकान्यांत लिहायच्या असतात.

घरी बसून करायचं काम

सुटलेले तुकडे मुख्यतः तिथे असतात जिथून लाकूड बाहेर काढणं परवडत नव्हतं: अरुंद घळी, मोठ्या धोंड्यांनी भरलेले उतार, कड्यांचे माथे, दलदली. कधी दोन मालकांच्या हद्दीचा वाद असलेली पट्टीही वाचलेली असते. स्थलाकृतिक नकाशा उघडा आणि जिथे समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत तिथे खुणा करा. ही पहिली चाळणी.

दुसरी चाळणी लायडारची. विमानातून लेसर सोडून जमिनीची उंची मोजण्याचं हे तंत्र पानांमधून खालची जमीन दाखवतं. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची ही माहिती देशाच्या बहुतांश भागासाठी फुकट उतरवून घेता येते. क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत संगणक प्रणालीत ती उघडा आणि हिलशेड, म्हणजे छाया-उठावाचं चित्र, बनवा. गडगे बारीक शिरांसारखे दिसतात, ओंडके ओढण्याचे रस्ते उतारावर तिरके कोरलेले दिसतात. कनेटिकटच्या वायव्य कोपऱ्यात साधारण दहा मीटर रुंदीच्या गोल सपाट चकत्या शेकड्यांनी दिसतात. त्या कोळसा पाडण्याच्या जागा आहेत. लोखंडाच्या भट्ट्यांसाठी तिथलं जंगल पुन्हापुन्हा साफ झालं, त्यामुळे चकती दिसली की तो उतार यादीतून काढा. प्रकाशाची दिशा बदलून हिलशेड दोन-तीनदा बनवा, कारण प्रकाशाच्या दिशेला समांतर गेलेला गडगा एका चित्रात लपतो.

त्याच माहितीतून झाडांच्या उंचीचाही नकाशा होतो. एकाच वेळी वाढलेल्या झाडीचा वरचा पृष्ठभाग बराचसा एकसारखा येतो. जुन्या जंगलाचा खडबडीत, मध्ये मध्ये भोकं पडलेला. हा फक्त इशारा समजा. वादळाने झोडपलेली तरुण झाडीही असाच खडबडीतपणा दाखवते.

तिसरी चाळणी जुन्या हवाई छायाचित्रांची, आणि माझ्या मते नवख्याला सर्वांत जास्त फायदा हिचाच होतो. कनेटिकटने १९३४ मध्ये संपूर्ण राज्याची हवाई छायाचित्रं घेतली. ती इंटरनेटवर पाहता येतात. इतर राज्यांचीही १९३० आणि १९४० च्या दशकांतली चित्रं मिळतात. त्यात तुमच्या जागी शेत दिसलं तर विषय तिथेच संपला. पण तेव्हाच मोठे, गडद, एकमेकांपासून वेगळे ओळखू येणारे शेंडे दिसत असतील तर ती जागा वर ठेवा.

मॅसॅच्युसेट्ससाठी आणखी एक साधन आहे. १८३० मध्ये राज्याने प्रत्येक गावाला नकाशा करायला लावला, आणि त्यांतल्या बऱ्याच नकाशांवर झाडी दाखवलेली आहे. हार्वर्ड फॉरेस्ट या संशोधन केंद्राने ती माहिती संगणकीय नकाशात आणली आहे. १८३० मध्ये झाडी होती याचा अर्थ जमीन बहुधा नांगरली गेली नाही, एवढाच घ्या. सरपणासाठी तीच झाडी नंतर तीनदा कापलेली असू शकते.

कधी जायचं, कसं जायचं

पानं गळाल्यावर आणि बर्फ पडण्याआधी, किंवा बर्फ वितळल्यावर आणि पानं फुटण्याआधी. नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि एप्रिल हे सर्वांत चांगले. जमीन उघडी असते, खुंट आणि गडगे लपत नाहीत. शरदात शिकारीचा मोसम असतो, त्यामुळे भडक नारिंगी जाकीट हवंच. वसंतात गोचिडी असतात. लाइम रोगाला कनेटिकटमधल्या गावाचंच नाव आहे, तेव्हा पायघोळ विजार मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर सगळं अंग तपासा. पॉयझन आयव्ही ही वेल हिवाळ्यात पानांशिवायही अंगावर पुरळ उठवते. खोडाला केसाळ दोरासारखं काही चिकटलेलं दिसलं तर हात लावू नका. खाजगी जमिनीत मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

जमिनीवर: आधी माणसाच्या खुणा शोधा

नवखा माणूस जंगलात शिरला की वर बघतो, सर्वांत जाड झाड शोधतो आणि त्याला मिठी मारून फोटो काढतो. तुम्ही आधी खाली बघा. जंगल जुनं असल्याचा पुरावा गोळा करण्यापूर्वी ते तोडलं गेल्याचा पुरावा मनापासून, चिकाटीने शोधायचा असतो. तो सापडला नाही, तरच पुढे जायचं.

सपाट माथ्याचा खुंट म्हणजे करवत किंवा कुऱ्हाड. वाऱ्याने मोडलेल्या झाडाचा खुंट फाटलेला, कुसळं निघालेला असतो. पण इथे एक मोठी मेख आहे. बर्च, मेपल, बीच यांचे खुंट काही दशकांत कुजून मातीत मिळतात, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या तोडीचा खुंट दिसेलच असं नाही. चेस्टनटचे मात्र फार टिकतात. १९०४ मध्ये ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात ज्या बुरशीचा रोग प्रथम लक्षात आला, तिने पुढे या झाडाची जंगलंच्या जंगलं मारली. मेलेली झाडं लोकांनी कापून नेली आणि त्यांचे राखाडी खुंट आजही उतारांवर दिसतात. फक्त तेवढेच खुंट असतील तर तसं स्पष्ट लिहा. मेलेली चेस्टनट नेली म्हणून बाकीचं जंगल बाद होत नाही.

एकाच बुडातून तीन-चार जाड खोडं निघालेली दिसली, विशेषतः ओक किंवा रेड मेपलची, तर तिथे आधीचं झाड कापून फुटवे आले असण्याची दाट शक्यता आहे. असे बहुखोडी बुंधे सगळीकडे असतील तर ती सरपणाची राई होती. खोडात रुतलेली काटेरी तार म्हणजे १८७४ नंतरचं कुरण. गडग्यात मुठीएवढे बारीक दगडही भरलेले असतील तर शेजारची जमीन नांगरली जात होती, कारण कुरणासाठी एवढे छोटे दगड वेचत कोणी बसत नाही. आणि एखादं एकटंच अवाढव्य झाड, ज्याच्या खालच्या फांद्या आडव्या, जाड आणि जमिनीजवळून निघालेल्या आहेत, ते मोकळ्या कुरणात गुरांच्या सावलीसाठी राखलेलं असतं. झाड खरंच म्हातारं, भोवतालचं रान तरुण. असं झाड पाहून सगळा तुकडा जुना ठरवण्याची चूक फार लोक करतात.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत आणखी जपून राहावं लागतं. एकोणिसाव्या शतकात तिथे चामडं कमावण्यासाठी हेमलॉक या सूचिपर्णी झाडाची साल हवी असे. झाडं पाडून साल सोलायचे आणि खोडं बऱ्याचदा तिथेच टाकून द्यायचे. पडलेली खोडं दिसली म्हणून झाडं आपोआपच पडली असं तिथे म्हणता येत नाही.

जमिनीचा पोत

वाऱ्याने झाड उन्मळतं तेव्हा मुळांसकट मातीची ढेपही उभी राहते. मागे खळगा राहतो, आणि मुळं कुजली की ढेप खचून शेजारी उंचवटा होतो. हे खळगे आणि उंचवटे शेकडो वर्षं टिकतात. नांगर मात्र त्यांना काही हंगामांतच सपाट करतो. म्हणून पायाखालची जमीन सतत वर-खाली होत असेल, खळगे वेगवेगळ्या वयांचे असतील, काही ताजे आणि काही शेवाळाने मऊ झालेले, तर ती जमीन नांगराखाली आलेली नाही असं धरा. गालिच्यासारख्या सपाट जमिनीवरचं जंगल जुनं असण्याची आशा सोडा.

खळग्याकडून उंचवट्याकडे बघितलं की झाड कोणत्या दिशेला पडलं ते कळतं. दिशा लिहून ठेवा. सगळी झाडं वायव्येला पडलेली असतील तर २१ सप्टेंबर १९३८ चं चक्रीवादळ आठवा; न्यू इंग्लंडमध्ये त्याचा सर्वांत जोराचा वारा बहुतेक ठिकाणी आग्नेयेकडून आला होता. दिशा विखुरलेल्या असतील तर झाडं एकेक करून, आपापल्या काळी पडत गेली आहेत, आणि ते तुमच्या बाजूचं लक्षण आहे.

मेलेलं लाकूड हा माझा सर्वांत आवडता पुरावा. जुन्या जंगलात ते सगळ्या अवस्थांत असतं: साल शाबूत असलेलं काल-परवाचं झाड, साल गळून कडक राहिलेलं खोड, बोट सहज रुतेल इतकं मऊ झालेलं, आणि जमिनीवर फक्त लांबट फुगवटा म्हणून उरलेलं, ज्यावर हेमलॉकची रोपं रांगेने उगवली आहेत. अशा खोडावर रुजलेल्या यलो बर्चची मुळं, खालचं लाकूड कुजून गेलं की, खांबांसारखी अधांतरी राहतात. वठलेली झाडंही उभी असतात, पोकळ, सुतारपक्ष्यांनी भोकं पाडलेली. एकाच वयाचं मेलेलं लाकूड एका वादळाची गोष्ट सांगतं, तर सगळ्या वयांचं लाकूड कित्येक शतकं कोणी काही उचलून नेलं नाही हे सांगतं.

झाडांचं म्हातारपण

जाडीवरून वय काढू नका. हेमलॉक सावलीत वाट बघत शंभर-दोनशे वर्षं मनगटाएवढा राहू शकतो, आणि वर जागा मिळाली की मग वाढतो; त्याचं आयुष्य ५०० वर्षांपलीकडे जातं. उलट शेतात उगवलेला व्हाइट पाइन शंभर वर्षांत कवेत न मावण्याइतका जाड होतो. नायगरा एस्कार्पमेंटच्या कड्यांवरचे व्हाइट सीडर तर खुजे आणि वेडेवाकडे आहेत, आणि त्यांतले काही हजार वर्षांहून जुने निघाले. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉच्युसेट डोंगरावर वर जायला रस्ता आहे, स्कीची लिफ्ट आहे, बॉस्टनहून लोक सतत येत असतात. तिथले खुजे, वाऱ्याने पिळलेले ओक खरोखर जुन्या जंगलाचे आहेत हे १९९० च्या दशकात लक्षात आलं. इतकी वर्षं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, पण ते मोठे नव्हते.

म्हातारपण साल, खोड आणि शेंड्यात बघायचं. तरुण यलो बर्चची साल सोनेरी आणि कागदासारखी सुटणारी असते. म्हातारपणी ती जाते आणि करड्या, जाड पट्ट्या येतात. ब्लॅक बर्चच्या गुळगुळीत सालीचे मोठाले पापुद्रे होतात. शुगर मेपलची साल एका कडेने उचकटलेल्या लांब फळ्यांसारखी होते. खोड खूप उंचीपर्यंत बिनफांदीचं आणि जवळजवळ एकाच जाडीचं राहतं, बऱ्याचदा किंचित पीळ घेतलेलं. शेंड्यात फांद्या थोड्या पण जाड आणि कोनात वळलेल्या, टोकं मोडलेली. बुडाशी मुळं उघडी पडलेली, शेवाळ खोडावर डोक्याच्या वर चढलेलं. लंगवर्ट नावाचं फुप्फुसाच्या आकाराचं, ओलं झालं की हिरवंगार होणारं दगडफूल मेपलच्या खोडावर दिसलं तर नोंद कराच. ते तोडीनंतर सहजासहजी परत येत नाही.

वय नक्की करायचं तर वाढवलयं मोजावी लागतात. खोडातून पेन्सिलीपेक्षा बारीक नमुना काढणारं गिरमिट मिळतं, पण त्याने झाडाला जखम होते आणि सार्वजनिक जमिनीवर परवानगी लागते. नवख्याने त्याच्या नादी लागू नये. त्याऐवजी पायवाटेवर पडलेली झाडं वाट मोकळी करण्यासाठी जिथे करवतीने कापलेली असतात, तिथे थांबा. बारीक सँडपेपरने कापाची एक पट्टी घासा, ओली करा, भिंगाने मोजा. काप मूळ बुडापासून किती उंचीवरचा हे लिहा, कारण झाडाला त्या उंचीला पोचायला लागलेली वर्षं त्यात येत नाहीत. वलयं बराच काळ अतिशय बारीक आणि मग एकाएकी रुंद झाली असतील तर त्या वर्षी शेजारचं काही तरी पडलं. अनेक झाडांत हा बदल एकाच वर्षी दिसला तर संशय घ्या: वादळ, नाहीतर तोड.

घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजा, उतारावर वरच्या बाजूने. उंची मोजायची असेल तर लेसरने शेंड्यापर्यंतचं तिरकं अंतर घ्या आणि त्याला चढकोनाच्या साइनने गुणा. बुडासाठीही तसंच करा आणि, बुड नजरेच्या पातळीखाली असेल तर, दोन्ही संख्या मिळवा. खोडापर्यंतचं आडवं अंतर आणि टॅन्जंट वापरणारी नेहमीची पद्धत शेंडा बरोबर बुडाच्या वर आहे असं गृहीत धरते. जुन्या झाडांचे शेंडे कललेले असतात, त्यामुळे ती कित्येक फुटांनी चुकते.

नकाशा

हद्द झाडांवरून आखू नका, पुराव्यांवरून आखा. तुकड्याच्या मध्यापासून बाहेर चालत जा आणि पहिला खुंट, पहिला गडगा, ओंडके ओढण्याचा पहिला रस्ता लागला की तिथे बिंदू घ्या. परत आत या आणि दुसऱ्या दिशेने जा. असे बिंदू जोडले की आतला तुकडा आपोआप उरतो. घळीत आणि दाट हेमलॉकखाली फोनचं जीपीएस बरंच भरकटतं, म्हणून प्रत्येक बिंदूवर एक-दोन मिनिटं स्थिर उभं राहा आणि घरी आल्यावर तो लायडारच्या चित्राशी ताडून बघा. स्थानं डब्ल्यूजीएस ८४ मध्ये, म्हणजे जीपीएस वापरतं त्याच अक्षांश-रेखांश पद्धतीत, दशांश अंशांत ठेवा.

क्यूजीआयएसमध्ये बिंदूंचा एक थर आणि क्षेत्रांचा दुसरा. बिंदूला तारीख, काय दिसलं, फोटोचा क्रमांक. फोटोत मोजपट्टी किंवा काठी असू द्या. क्षेत्राला मुख्य झाडं, माणसाच्या खुणा, मेलेल्या लाकडाच्या अवस्था, मोजलेली वयं, रोग-कीड, आणि खात्रीचा दर्जा. मी तीनच दर्जे सुचवेन: ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘पुन्हा पाहणे’. ‘नक्की’ तेव्हाच, जेव्हा जुनी छायाचित्रं, जमीन आणि मोजलेली वयं हे तिन्ही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात. पहिल्या वर्षी बहुतेक क्षेत्रं तिसऱ्या दर्जात राहतील, आणि ते योग्यच आहे. एका चुकीच्या ‘नक्की’मुळे पुढच्या खऱ्या नोंदीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. शोधूनही काही न मिळालेल्या जागाही नकाशावर ठेवा. पुढचा माणूस तिथे पुन्हा दिवस घालवणार नाही.

रोग-कीड या रकान्याकडे दुर्लक्ष करू नका. हेमलॉकच्या सुयांच्या बुडाशी कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ती वुली ॲडेल्जिड. आशियातून आलेली ही कीड पूर्वेकडे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्जिनियात प्रथम नोंदली गेली आणि तिने जुन्या हेमलॉकचे उतारच्या उतार वाळवले आहेत. ती अजून न पोचलेला किंवा नुकतीच पोचलेला जुना तुकडा तुम्ही वेळेवर कळवलात, तर निवडक झाडांवर उपचार करता येतात.

नकाशा झाला की तो राज्याच्या नैसर्गिक वारसा विभागाकडे पाठवा, जमीन सरकारी असेल तर तिची देखभाल करणाऱ्या खात्याकडेही. खाजगी असेल तर सर्वांत आधी मालकाला दाखवा. आपल्या मागच्या उताराचं मोल त्याला बऱ्याचदा माहीत नसतं, आणि कळल्यावर अनेक मालक मनापासून जपतात. लोकांना जाता येईल अशी जागा असेल तर ओल्ड ग्रोथ फॉरेस्ट नेटवर्क या संस्थेला कळवा. जोन मलूफ यांनी २०१२ मध्ये सुरू केलेली ही संस्था जिथे जंगल वाढू शकतं अशा प्रत्येक काउंटीत निदान एक संरक्षित, खुलं जंगल असावं यासाठी झटते.

सार्वजनिक नकाशावर टाकताना दोन गोष्टी गाळा. रानटी जिनसेंग या औषधी मुळाच्या जागा, कारण ते खणून विकणारे असतात; आणि रॅटलस्नेकच्या हिवाळी कपारी, कारण सापांना मारणारे आणि पकडून नेणारे दोन्ही असतात. या नोंदी फक्त राज्याच्या विभागाकडे, वेगळ्या फाइलमध्ये द्या.